परीक्षेची बाई

अंजनाबाई आमच्या मेडिकल कॉलेजात वर्षातून दोनदा परीक्षेला यायची. डॉक्टरकीच्या शेवटच्या परीक्षेत विद्यार्थ्याला तपासायला खरा पेशंट लागतो. ज्यांचा आजार जुना आहे, ठरलेला आहे, आजचा उद्या बदलणार नाही, अशांची एक वही वॉर्डात ठेवलेली असे. परीक्षा जवळ आली की त्यांना पोस्टकार्ड जाई. अंजनाबाईचं कार्ड कुहीकडच्या तिच्या गावी जायचं आणि ती आदल्या दिवशी पिशवी घेऊन हजर. लहानपणच्या तापानं तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. नऊ वर्षांत तिला आपल्या दुखण्याचं इंग्रजी पाठ झालं होतं. 'मर्मर', म्हणजे आखडलेल्या झडपेचा आवाज, कुठं ऐकू येतो ती जागा ती नवख्या पोरांना बोटानं दाखवायची, आणि कुणी सांगण्याआधीच डाव्या कुशीवर वळायची, कारण त्या कुशीवर तो जास्त स्पष्ट येतो. गावात तिला परीक्षेची बाई म्हणत, आणि तिला त्याचा कोण अभिमान होता.

मी त्याच वॉर्डात ट्यूटर होतो. डॉक्टर शरच्चंद्र मुलमुले, मुक्काम धरमपेठ, वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. इंग्रजी आमच्या घरात आजोबांच्या काळ्या कोटाशेजारी खुंटीवर टांगलेलंच होतं. ते आपण मेहनतीनं कमावलं, असं मी बरीच वर्षं समजत होतो. आता तसं समजत नाही, पण आता समजून उपयोग काय.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. उमरेड, साकोली, काटोलकडच्या शाळांतून मराठीत शिकून आलेल्या मुलामुलींची एक तुकडी माझ्याकडे होती. झडप आखडली तर रक्त कुठं तुंबतं, असं मी इंग्रजीत विचारलं. सात जण आपापल्या चपलांकडे बघत राहिले. मी तापट माणूस. चिडलो आणि गल्लीत गोट्या खेळताना शिकलेल्या भाषेत ओरडलो, "अरे, दार अर्धंच उघडून राहिलं, तर आतले लोक जातीन कुठं?"

मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "जातीन कुठं सर, आतच गर्दी करतीन. पयले मांगच्या खोलीत, मंग त्याच्याही मांगं. म्हणून तं बाईले निजलं का दम लागते."

तिचं नाव जयवंता गजघाटे. इतकं सरळ उत्तर मी पुस्तकात वाचलं नव्हतं. तिचे वडील दादाजी हिंगण्याला कारखान्यात पाळी करत, घर इंदोऱ्यात. छप्पन साली, चार वर्षांची असताना, बापाच्या खांद्यावर बसून तिनं दीक्षेची गर्दी पाहिली होती. त्या खांद्यावरून उतरली ती थेट शाळेत गेली, असं दादाजी मला एकदा म्हणाले होते. घराण्यातली पहिली मॅट्रिक आणि वस्तीतली पहिली डॉक्टर होऊ घातलेली.

त्या दिवसापासून मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता, वॉर्डाशेजारच्या खोलीत, मी मराठीत शिकवू लागलो. खरं तर नागपुरीत. पहिल्या आठवड्यात सात जण होते, दिवाळीपर्यंत तीस झाले, काही जण खिडकीत बसायचे. अंजनाबाईच्या झडपेवर तर मी महिनाभर बोललो असेन. दाराशी खोळंबलेलं रक्त थिजतं, त्याची गुठळी होते. गुठळी सुटली का वाहत जाते आन नळी बारीक झाली का तिथं फसते. पायात फसली तर पाय थंडा पडते. तवा पुस्तक पाहाचं नाही, घड्याळ पाहाचं. सहा घंटे. त्याच्यानंतर पाय तुमचा नाही. जयवंतानं हे सगळं वहीत मराठीत लिहून घेतलं आणि शेजारी एक घड्याळ काढलं.

आधी समजू दे, इंग्रजी मागून येईलच, असं मी त्यांना सांगायचो. ही माझी लबाडी होती, किंवा आळस म्हणा. इंग्रजी मागून येत नाही. शेजारी बसून एकेक वाक्य तोंडातून काढून घ्यावं लागतं, आणि ते काम कंटाळवाणं असतं. समजावून सांगणाऱ्याकडे पोरं डोळे विस्फारून बघतात. मला त्या डोळ्यांची चटक लागली होती. पोरांना हृदय समजलं आणि त्यांची तोंडं मात्र होती तशीच बंद राहिली.

जयवंता त्यामुळेच दोनदा नापास झाली. लेखी पेपर पाठांतरावर निघायचा, तोंडी परीक्षेत तिची जीभ टाळ्याला चिकटायची. दुसऱ्या खेपेला तिनं अर्धं उत्तर मराठीत दिलं आणि परीक्षकांनी तिला हात दाखवून थांबवलं. शिष्यवृत्ती बंद झाली. दादाजी डबल पाळी करू लागले. एप्रिल शहात्तरची खेप तिसरी, आणि घरात ठरल्याप्रमाणे शेवटची.

त्याच फेब्रुवारीत आमचे विभागप्रमुख डॉक्टर गोपाळराव घाटे यांनी मला बोलावून घेतलं. तुमच्या शिकवण्याची तक्रार आहे, म्हणाले. ही मुलं परीक्षा इंग्रजीत देणार, जर्नल इंग्रजीत वाचणार, आणि तुम्ही त्यांना मराठीची कुबडी देऊन पांगळं करताय. मराठी का नको हे त्यांनी मला अर्धा तास अस्सल मराठीत समजावलं, मीही मराठीतच माना डोलावल्या, आणि त्यातला विनोद दोघांच्याही लक्षात आला नाही. लेक्चररच्या जागेवर मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. यापुढे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणार नाही, असं मी तिथंच लिहून दिलं. छान इंग्रजीत लिहिलं. शुक्रवारी पोरं खोलीबाहेर उभी होती, मी दुसऱ्या जिन्यानं उतरलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जयवंता मला वॉर्डाच्या दारात भेटली. तिच्या हातात वही होती आणि चेहरा पार उतरलेला. मला तिची फार काळजी वाटत होती, हे मी शपथेवर सांगतो. म्हणूनच मी तिला दम भरला. "हे बघ, उद्या मराठीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही. जीव गेला तरी नाही. समजलं?"

"समजलं सर," ती म्हणाली.

कोणाचा जीव, याचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वाऱ्याला झळ होती. वॉर्डात अकरा खाटांना पडदे लावले होते. परीक्षेच्या पेशंटांना सिस्टर दरवेळी बजावत, विचारलं तेवढंच सांगायचं, तक्रार करायची नाही. नऊ वाजता विद्यार्थ्यांना खाटा वाटून दिल्या. जयवंताला सात नंबर आला, म्हणजे अंजनाबाई. मला आनंद झाला. जी झडप तिनं मला शिकवली, असं म्हटलं तरी चालेल, तीच तिच्या वाट्याला आली होती. यंदा पोरगी सुटली, असं मी मनात म्हणालो आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसलो. ते टेबल सात नंबरच्या पडद्यापासून पंधरा पावलांवर होतं.

पडद्याआड काय झालं ते मला त्याच आठवड्यात दोघींकडूनही कळलं. पेशंटशी मराठी चालते, पेशंटबद्दल मराठी चालत नाही, हा आमचा रिवाज. तेव्हा जयवंतानं तिला तिच्याच बोलीत विचारलं, मावशी, काही नवीन तरास आहे का. नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे झडपेचंच विचारत.

अंजनाबाई म्हणाली, "छातीचं तं जसंच्या तसं हाय, माय. पन हा डावा पाय मघापासून माहा नाही वाटून राहिला. आंग पुसून देलं नं सकाळी, तवापासून. पयले लय दुखला, आता काहीच नाही. कोणाले सांगू नको वं. नाही तं पुढच्या बारीले कार्ड नाही धाडतीन मले."

जयवंतानं चादर वर केली. पाय पांढरा पडला होता, गुडघ्याखाली गार. घोट्याजवळ नाडी नव्हती, गुडघ्यामागेही नव्हती. तिनं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं. अंग पुसतात साडेआठला. तिला सगळं समजलं. गुठळी, नळी, सहा घंटे, सगळं.

आणि ती बसून राहिली.

आधी तिला वाटलं, हाही परीक्षेचाच भाग असेल. पेशंट मोठ्या सरांनी निवडलेला, तपासून ठेवलेला. त्यांना माहीत नाही असं त्यात काय असणार? परीक्षेत ठेवलेला आजार म्हणजे कागदावरचा प्रश्न, तो उत्तर येईपर्यंत जागचा हलत नाही, असंच आम्ही त्यांना शिकवलं होतं. पण अर्ध्या तासात पायावर निळसर डाग दिसायला लागले, तेव्हा हा प्रश्न नाही हेही तिला कळलं. पडद्याबाहेर सिस्टर होत्या, आया होत्या, मी होतो. सगळे मराठी. बाहेर येऊन तीन शब्द बोलली असती तर पुरलं असतं. पण पडदा सोडला की नक्कल केल्याचा ठपका, आणि मराठी शब्द काढला की मी सांगितलेलं मोडलं. म्हणून ती इंग्रजी वाक्य तयार करायला बसली.

तो कागद माझ्याकडे आहे. नाव, वय, गाव, मुख्य तक्रार, सगळं आम्ही शिकवलेल्या क्रमानं. पायाचं वाक्य पाच वेळा लिहून पाच वेळा खोडलेलं. सहावं बरोबर आहे. मी नीट वाचलं आहे, त्यात एकही चूक नाही. समासात वेळ लिहिली आहे, दहा पन्नास.

परीक्षक सात नंबरला पोहोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. परप्रांतातून आलेले, मराठी न कळणारे परीक्षक, गोपाळराव, आणि कागद धरायला मी. जयवंता उभी राहिली. तिनं थेट पायापासून सुरुवात केली. पहिले दोन शब्द इंग्रजीत नीट आले. परीक्षकांनी तिला थांबवलं. क्रमानं सांगा, हृदयाचं सांगा, छातीवर काय ऐकू आलं? ती पुन्हा पायाकडे वळली. मी हृदयाबद्दल विचारतो आहे, ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना अजून चार खाटा उरकायच्या होत्या. घोकून ठेवलेलं वाक्य जयवंताच्या तोंडातून पार निघून गेलं होतं. गोपाळराव माझ्याकडे बघत होते. ही तुमची, असं त्या बघण्यात होतं.

मग ती परीक्षकांकडे पाठ करून माझ्याकडे वळली. "सर, बाईचा पाय थंडा पडला. तीन घंटे होऊन राहिले."

परीक्षकांनी मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणते आहे ही?

आज मला काहीही कारणं सांगता येतील. ती घाबरून जुना धडा म्हणून दाखवते आहे असं वाटलं, हे एक. गोपाळराव शेजारी होते, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर मला तिचं वाक्य ऐकताक्षणी समजलं होतं. माझंच तर वाक्य होतं ते. चादर माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती.

"काही नाही सर," मी इंग्रजीत म्हणालो. "घाबरली आहे ती."

परीक्षकांनी शेरा लिहिला आणि आम्ही खाट आठकडे गेलो. अंजनाबाई हसतमुखानं पडून होती. तिनं तक्रार केली नाही. शिपायानं सगळ्या विद्यार्थ्यांना रिवाजाप्रमाणे खाली नेऊन खोलीत बसवलं, सगळ्यांचं संपेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नसत. मी टेबलाशी आलो, कागद लावले, आणि उठून तो पाय बघायचा, असं किमान चार वेळा ठरवलं. मधे परीक्षक चहाला थांबले. मीही घेतला.

दोन वाजता आयानं जेवणाचं ताट ठेवताना चादर सरकवली आणि ती सिस्टरांना हाका मारत सुटली. सर्जन धावत आले. नळी उघडून गुठळी काढली, पण घड्याळ पुढं गेलं होतं. तिसऱ्या दिवशी डावा पाय मांडीतून कापावा लागला.

चौकशी झाली, म्हणजे गोपाळरावांच्या खोलीत चहा झाला. परीक्षेचा पेशंट परीक्षेतच बिघडला हे बाहेर जाणं बरं नव्हतं. विद्यार्थिनीला पायातला दोष ओळखता आला नाही, असं तिच्या गुणपत्रकात लिहायचं ठरलं. ओळखला असता तर तिनं सांगितलं नसतं का, असं गोपाळराव म्हणाले, आणि त्यांना खरोखर तसंच वाटत होतं; मराठीत सांगितलेलं त्यांच्या लेखी सांगितलेलंच नव्हतं. साक्षीदार म्हणून खाली सही लागत होती. ती मी केली. मला त्या क्षणी स्वतःची किळस आली, आणि अक्षर मात्र नेहमीसारखंच सुरेख आलं.

निकालाच्या दिवशी जयवंता मला जिन्यावर भेटली. मी घाईघाईनं काहीतरी बोलू लागलो. पुन्हा बसता येईल, मी शिकवीन, रोज एकेक वाक्य करून घेईन. तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मी सांगतलं होतं, सर. आन तुमाले समजलं होतं."

इतकंच. ती खाली उतरून गेली. जूनमध्ये मला कायम केल्याचं पत्र आलं.

पावसाळ्यात एकदा मी इंदोऱ्याला तिच्या घरी गेलो. दादाजी पाळीवरून नुकतेच आले होते, अंगात कारखान्याचा खाकी शर्ट. मला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, साहेब म्हणाले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पोरीनं घरी एवढंच सांगितलं होतं की अभ्यास कमी पडला. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता आणि पडद्याखाली तिची पावलं दिसत होती. मी आलेलं तिला कळलं होतं.

"बोलतच नाही, साहेब," दादाजी म्हणाले. "इंग्रजीचं जाऊ द्या. आमच्याशी मराठीतही बोलत नाही पोट्टी." काहून असं झालं असंल, असं त्यांनी मला, डॉक्टर म्हणून, विचारलं. विश्रांती द्या, असं मी सांगितलं आणि उठलो. मी तिथून पळालो, दुसरा शब्द नाही. सायकलरिक्षात बसेपर्यंत मागं पाहायची हिंमत झाली नाही. ती परत परीक्षेला बसली नाही.

ऑक्टोबरात परीक्षा आली. वहीतल्या नावांना कार्डं गेली, आणि कुबडी घेऊन अंजनाबाई आली. तिचं नाव वहीतून काढायला कुणाला सुचलंच नव्हतं. उलट गोपाळराव म्हणाले, आता केस अधिक चांगली झाली. मी लेक्चरर झालो होतो, प्रश्न विचारायच्या बाजूला उभा होतो. खाट नंबर सातच.

यंदा तिच्या वाट्याला आलेली मुलगी कॉन्व्हेंटची होती, हुशार, चुणचुणीत. मराठी तिला यथातथाच. तिनं सगळं क्रमानं, न अडखळता सांगितलं. झडप, मर्मर, नाडीची गती. शेवटी म्हणाली, डावा पाय पूर्वी कापलेला आहे. कारण अज्ञात. पेशंटला माहिती देता येत नाही.

बाहेरचे परीक्षक यंदा दुसरे होते, पण तेही परप्रांतातलेच. त्यांनी मान डोलावली. उत्तम, म्हणाले.

नऊ वर्षांच्या परीक्षांत ऐकलेल्या इंग्रजीतून अंजनाबाईला तेवढं समजलं असावं. ती कोपरावर उठली. तिनं त्या मुलीकडे पाहिलं नाही, परीक्षकांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"मले माहीत हाय नं," ती म्हणाली. "समदं ध्यानात हाय. त्या पोट्टीनं इचारलं होतं मले. तुमी बी इचारा नं."

काय म्हणते आहे ही, परीक्षकांनी मला विचारलं.

वॉर्डात पंखा फिरत होता. सिस्टर, आया, पडद्यापलीकडचे पेशंट, सगळ्यांना तिचं बोलणं समजलं होतं. गोपाळराव या वेळी तिथं नव्हते. माझी नोकरी पक्की होती. मला कुणाचीही भीती नव्हती.

"काही नाही सर," मी म्हणालो.

अंजनाबाई पुन्हा उशीवर टेकली. मग तिनं खोल श्वास घेतला आणि कुणी न सांगताच डाव्या कुशीवर वळली.